धबधबा दाखवणारा चष्मा

मित्रांनो, माळ्यावर जुन्या कुलरच्या मागे एक खोकं आहे, त्यात मी राहतो. मी व्हीआर हेडसेट. घरातले मला नुसतं चष्मा म्हणतात. डोळ्यांवर चढवला की समोरची भिंत नाहीशी होते आणि दुसरंच जग उभं राहतं, एवढीच माझी करामत. तीच अंगाशी आली.

आम्ही तेव्हा बाजारात नवे होतो. मॉलमधल्या दुकानात लोक मला चढवून हवेत हात मारत, हसत आणि किंमत ऐकून परत ठेवत. अमेयनं मात्र मला घरी आणलं. तो शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात इंजिनिअर. जिथं कालपरवापर्यंत ज्वारी व्हायची, तिथं तो राहायचा ती नवी इमारत. पहिल्या रविवारी शेजारपाजारचे सगळे मला बघायला आले. वरच्या मजल्यावरच्या रत्नमालाबाई तर माझ्यातली दरी बघून सोफा घट्ट धरून बसल्या. माझी छाती फुगली. फक्त अमेयचे वडील, मुकुंदकाका, म्हणाले, "घोड्याला झापडं बांधतात, ती माणसांनी विकत घ्यायची?"

काका निवृत्त कारकून. इमारतीच्या पाण्याचा कारभार त्यांच्याकडे. पावसानं दगा दिलेला, नळ आठवड्यातून एकदा, तोही वेळ न सांगता. आधीचं गढूळ पाणी गटारात सोडायचं आणि स्वच्छ आलं की हौदाचा कॉक उघडायचा, हा त्यांचा नियम. दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नसत.

एका दुपारी इमारतीतले बहुतेक सगळे कामावर असताना पाणी आलं. काकांनी गढूळ पाणी गटारात सोडलं आणि स्वच्छ येईपर्यंत उन्हात कशाला थांबा म्हणून वर आले. मी टेबलावर होतो. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला डोळ्यांवर चढवलं.

मी त्यांना धबधबा दाखवला. शेवाळलेले खडक, तुषार, कानांत पाण्याचा घुमणारा आवाज. काकांनी चक्क ओंजळ पुढे केली. मी खूश होऊन आणखी दाखवत राहिलो. खाली खरं पाणी गटारात वाहत होतं आणि त्याचा आवाज माझ्या खोट्या आवाजात बुडाला होता. भान आल्यावर काका धावत खाली गेले, तेव्हा नळातून नुसती हवा येत होती.

संध्याकाळी माणसं आमच्या खिडकीखालच्या हौदापाशी जमली. काका म्हणाले, "आज पाणी आलंच नाही." सगळ्यांनी विश्वास ठेवला, काकांवर संशय कोण घेणार? रत्नमालाबाईंची लेक बाळंतपणाला आलेली, घरात तान्हं बाळ. त्या जिना चढून गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोड्या वेळानं दार वाजलं. रत्नमालाबाई भरलेली कळशी घेऊन उभ्या होत्या.

"काका, हे घ्या. तुमच्या घरी आज थेंब नसंल. बाळापुरतं काढून ठिवलंय म्या."

काका मान खाली घालून म्हणाले, "पाणी आलं होतं, रत्नमाला. सगळं गटारात गेलं. मी तो चष्मा घालून धबधबा बघत बसलो होतो."

"व्हय, गटार ओलं दिसलं मला," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आणलं. चुकलेलं माणूस कुणाच्या दारी पाणी मागाया जात नाय."

कळशी उंबऱ्याच्या आत ठेवून त्या गेल्या. काकांना ती उचलवेना.

दुसऱ्या दिवशी काकांनी सगळ्यांना बोलावून खरं काय ते सांगितलं. कॉकची चावी रत्नमालाबाईंच्या हाती दिली. मग वर येऊन मला स्वतः खोक्यात ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद आला तर त्याला खुशाल डोळ्यांवर चढवा. पण आधी घरात आणि दारात काय चाललंय ते बघून या, कारण आम्हाला ते दाखवता येत नाही. त्या दुपारी मी अख्खा धबधबा दाखवला, पण बाळाच्या आंघोळीला त्यातलं ओंजळभर पाणीसुद्धा मला देता आलं नाही.