गोपीनाथरावांचे नाव

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीतला स्क्रीन आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझी जोडलेल्या फोनची यादी कोरी होती. अवधपुरीत आल्यावर गोपीनाथरावांनी आपला फोन मला जोडला आणि त्यांचे नाव पहिले लागले. नऊ वर्षे मी त्यांना गाणी ऐकवली, रस्ते दाखवले. सिग्नलला थांबले की ते माझ्यातूनच घरी फोन लावायचे, "नलिनी, चहा टाक, आलोच." फार कौतुक होते त्यांना माझे.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. गाडी झाकून ठेवली गेली. माझ्यावर धूळ बसली, कुणी पुसली नाही.

मग वर्षश्राद्ध आले. ते नागपूरला, काकांकडे करायचे ठरले. लेक शमिका एवढ्या लांब पहिल्यांदाच गाडी नेणार होती, म्हणून तिला रस्ता माझ्यावर दिसायला हवा होता. पण तिचा फोन माझ्याशी टिकेना. तिने ब्लूटूथ बंद-चालू केले, केबल बदलली, मला दोन चापट्याही मारल्या. यादीतला पहिला फोन जवळ असला की आधी त्यालाच जोडायचे, ही माझी घडण. दर वेळी माझ्यावर उमटे, 'गोपीनाथ जोडले गेले.' ते वाचून तिने झटकन हात मागे घेतला. बाबांचा फोन तर वर्षभर कपाटात बंद पडलाय, असे तिला वाटत होते. खरे सांगतो, मीही भ्यालो. गेलेला माणूस मला हाक मारत होता आणि आवाज मात्र येत नव्हता.

शेवटी गाडी गोविंदपुऱ्यात नेली. तिथला मेकॅनिक विक्रांत तपासून म्हणाला, "ताई, तुमच्या मोबाईलमध्ये काहीच खराबी नाही. दुसरा फोन गाडीतच चालू आहे, पक्का."

मागच्या सीटवर नलिनीबाईंनी पर्स छातीशी धरली. "मी रोज चार्ज करते गं. कुणी यांना फोन लावला तर 'बंद आहे' असं ऐकू येऊ नये."

शमिकाला रडू आवरेना.

"मग तो बंद करा, नाहीतर इथून नाव हटवावं लागेल," विक्रांत हळूच म्हणाला.

"फोन बंद नाही करायचा," नलिनीबाई म्हणाल्या. "नाव काढा."

विक्रांतने बटण दाबले. शमिकाचा फोन लगेच जोडला गेला, नागपूरचा रस्ता उमटला. मागे पर्समध्ये तो फोन अजून चालू आहे, हातभर अंतरावर. मला आता त्याला ओळख दाखवता येत नाही.

मित्रांनो, यंत्रातून एखादे नाव पुसावे लागले तर जरूर पुसा. फक्त त्याआधी ते एकदा मोठ्याने वाचा. माझ्यासमोर कुणी वाचले नाही.