गज काढलात का?

बार उडाला, धूर झाला आणि धुरातून गोळीच्या पुढे गजही निघाला.

"गेला, गेला, गेला!" मागून कुणीतरी बस सुटल्यासारखं ओरडलं.

गज म्हणजे ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी दाबून बसवायची लांब काठी. ठासून झालं की ती नळीतून बाहेर काढायची असते. काकांनी काढली नव्हती. लाकडी गज मैदान ओलांडून निशाणाच्या फळीत घुसला आणि थरथरत राहिला. काळ्या ठिपक्यापासून चार बोटांवर. अलीकडच्या काळातला हा काकांचा सर्वांत चांगला नेम होता. हे इथे नमूद करतो, कारण तिथे कुणी केलं नाही.

नेमबाजी क्लबचे चिटणीस तरातरा आले.

"काका, नियमात गोळीला गुण आहेत. गजाला नाहीत."

"मग नका देऊ."

"मस्करी नाही हो. समोर कुणी असतं तर?"

काकांनी बंदूक खाली टेकवली. कारण चिटणीसांचं बरोबर होतं, आणि चिटणीसांचं बरोबर असणं ही तशी दुर्मीळ गोष्ट होती.

काकांनी जन्मभर शिवणयंत्रं दुरुस्त केली. ही बंदूक त्यांना मोडक्या अवस्थेत मिळाली, तेव्हा तिचा घोडा पडत नव्हता आणि चाप हलत नव्हता. शिवणयंत्राचीच दूरची मावशी समजून त्यांनी ती दुरुस्त केली आणि मग तिच्यातच अडकले. क्लबात पूर्वी ठासणीवाल्यांची बाकभर मंडळी होती. आता काका होते आणि बाक होतं. बाकीचे आधुनिक रायफली चालवत आणि काकांचा एक बार होईपर्यंत चहा पिऊन येत.

काकू मात्र मागे घडीच्या खुर्चीवर विणत बसायच्या. मान वर न करता विचारायच्या, "दारू?"

"घातली."

"गोळी?"

"घातली."

"गज काढलात का?"

"काढला गं! मी काय दूधखुळा आहे?"

"दूधखुळ्याच्या हातात कुणी बंदूक देत नाही. उडवा आता, माझे टाके चुकतायत."

मग काका बंदुकीवर बार पेटवणारी तांब्याची बारीक टोपी चढवायचे, घोडा ओढायचे आणि बार काढायचे. इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं, की या प्रश्नांनी आपल्या एकाग्रतेचं वाटोळं होतं. थंडीत काकू गेल्या. त्यानंतर काका आज पहिल्यांदाच मैदानावर आले होते. एकाग्रता भरपूर होती.

"यापुढे एकट्यानं उडवायची नाही," चिटणीस म्हणाले. "मागे विचारणारं माणूस हवं. नाहीतर बंदूक ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठेवू. शोभेल तिथे."

"मी आहे की!" दातांचे डॉक्टर पुढे आले. "जन्मभर लोकांना आ करायला लावून प्रश्नच विचारतोय. फक्त उत्तराची सवय नाही."

सगळे हसले. काकाही हसले. कुणीतरी क्लबचा जुना गज आणून दिला. काकांनी सवयीनं घडीची खुर्ची आणली होती. डॉक्टरांनी ती उघडली आणि ऐसपैस बसले. खुर्ची करकरली. काकूंच्या वजनाला ती कधी करकरली नव्हती.

"हं, दारू?"

"घातली."

"गोळी?"

"घातली."

"गज काढला का?"

काकांनी गज काढून बाकावर ठेवला. त्यांनी मागे वळून पाहिलं. काकू विचारायच्या तेव्हा त्यांनी कधी वळून पाहिलं नव्हतं.

"काका? गज?"

"काढला," ते शेवटी म्हणाले. "डॉक्टर, तुम्ही छान विचारता. पण राहू दे."

भरलेली ठासणीची बंदूक रिकामी करायचा सोपा मार्ग एकच, तो म्हणजे उडवणे. काकांनी निशाण सोडून बाजूच्या मातीच्या ढिगात बार काढला.

"पुढच्या वेळी माझं नाव धरू नका," त्यांनी चिटणीसांना सांगितलं. "कपाटाची काच पुसून ठेवा. उद्या आणून देतो."

"आजच ठेवा की."

"धुवायची आहे. तशीच ठेवली तर गंज खाईल."

घरी त्यांनी पाणी उकळलं. नळी सोडवून बादलीत उभी धरली. पूर्वी नळी ते धरत आणि पाणी काकू ओतत. आज नळी गुडघ्यांत धरून ओतावं लागलं. थोडं पाणी नळीत गेलं, थोडं काकांवर. आधी काळं पाणी निघालं, मग राखाडी, मग स्वच्छ. चिंधीनं नळी कोरडी करून त्यांनी आतून तेलाचा हात फिरवला.

शेवटचं काम राहिलं होतं. बंदूक भिंतीवर चढण्याआधी काकू विचारायच्या, "रिकामी आहे ना?" मग काका नळीच्या तोंडाशी फुंकर घालायचे आणि काकू दुसऱ्या टोकाच्या बारीक भोकाशी तळहात धरायच्या. हातावर वारा लागला की म्हणायच्या, "आहे."

काकांनी नळी ओठांशी धरली, हात लांब केला आणि फुंकर घातली. हात भोकापर्यंत पोचला नाही. वीतभर राहिला.

त्यांनी खांदा ताणून पुन्हा फुंकर घातली. वारा गेला असावा. स्वयंपाकघरात "आहे" म्हणायला कुणी नव्हतं.