सरळ टांगलेली पन्हळ

मित्रांनो, मी एक जुनी पन्हळ आहे. पत्र्याची, छपराच्या कडेला टांगलेली. हे वाचून तुमच्यापैकी काही जण मान वर करून आपल्या घराची पन्हळ शोधतील आणि म्हणतील, अरेच्चा, ही इथे होती होय. त्यात तुमचं काही चुकलं नाही. दारा-खिडक्यांना रंग मिळतो, पडदे मिळतात. आम्हाला फार तर एखादा कावळा मिळतो. पण मी आज कुरकुर करायला बसलेली नाही. माझ्या मनाला एक गोष्ट टोचते आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. माणूस भलता तोंडाळ. लाकडी ठोकळ्यावर पत्रा वाकवताना तो पत्र्याशी भांडायचा, हातोडीला शिव्या घालायचा. पण सांधे असे पक्के डाखले की इतक्या वर्षांत माझ्यातून एक थेंब कधी गळला नाही. याचा मला फार अभिमान होता. टांगताना त्याने माझं एक टोक वर ठेवलं आणि पाणी जमिनीवर नेणाऱ्या नळाकडचं टोक दोन बोटं खाली. "पाणी महा आळशी," तो म्हणाला, "ढकलल्याशिवाय हलत नाही."

तेव्हापासून मी तिरपी होते, आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पाऊस यायचा, छपरावरचं पाणी माझ्यात उतरायचं आणि घरंगळत नळातून खाली जायचं. घरातले आजोबा दरवर्षी शिडी लावून वर चढायचे आणि हाताने माझ्यातला पाला काढायचे. आलागेला म्हणायचा, या घराच्या भिंतीला ओल कशी ती नाही. ते कौतुक भिंतीचं होतं, पण मी मनातल्या मनात माझ्या नावावर लिहून घ्यायचे.

आजोबा गेले आणि घर मुलाच्या हाती आलं. हा मुलगा फोटोंना चौकटी बसवायचा. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्याचं फ्रेमचं दुकान होतं, म्हणून सगळे त्याला फ्रेमवाला म्हणत. माणूस सरळ, कामाला चोख, पण वाकडी वस्तू दिसली की याच्या जिवाची घालमेल. पाहुणा म्हणून कुठे गेला तर पाण्याचा पेला हातात घेण्याआधी त्यांच्या भिंतीवरचा फोटो सरळ करणार. दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानाही त्याने बोटाने खुणावलं होतं की ते समोरचं चित्र डावीकडे कललंय. त्याची बायको हे हसून हसून सांगायची.

एकदा त्याने घराला नवा रंग दिला. रंग सुकल्यावर रस्त्यात उभा राहून तो घराकडे बघत होता आणि त्याची नजर माझ्यावर आली.

"ही पन्हळ वाकडी आहे," तो म्हणाला.

"असू दे की, वर कोण बघतंय," बायको म्हणाली.

"मी बघतोय ना."

दुकानातून तो लेव्हलची पट्टी घेऊन आला. त्या पट्टीत हिरवट पाणी असतं आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा बरोबर मधोमध येईपर्यंत त्याने मला धरून ठेवणारे आकडे वर-खाली केले. "अहो, पाणी जाईल ना नीट?" बायकोने खालून विचारलं. "जाईल की. नाही तर राहून काय करणार?" असं म्हणून तो उतरला, पुन्हा रस्त्यात गेला आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला. किती तरी वेळ. मित्रांनो, खरं सांगते, मी हुरळले. इतक्या वर्षांत कोणी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

पावसाळा लागला. पाणी आलं आणि माझ्यात बसून राहिलं. करंगळी बुडेल एवढंच, पण टोकापासून टोकापर्यंत. त्यावर पाला पडला, पाल्याखाली माती साचली. एक दिवस पायांवर पांढरे पट्टे असलेली डासाची मादी आली आणि पाण्याच्या काठाला अंडी घालून गेली. मग तिच्यासारख्या आणखी आल्या. थोड्याच दिवसांत माझ्यात अळ्या वळवळू लागल्या, आणि आठवड्याभरात डास होऊन खालच्या खिडकीतून घरात गेल्या.

त्या घरात एक मुलगी होती. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरायची नाही. सकाळी अभ्यासाला बसली की डास तिचे पाय फोडून काढायचे. फ्रेमवाला पेटून उठला. कुंड्यांखालच्या ताटल्या काढल्या, परसातलं जुनं टायर भंगारात दिलं, पिंपाला घट्ट झाकण आणलं, खिडक्यांना जाळी लावली. दर रविवारी तो बादल्या घासून उपड्या घालायचा. तिन्हीसांजेला दारं लावून धूप घालायचा. जे करायचं ते सगळं त्याने मन लावून केलं, पण खालीच केलं. मान वर काही केली नाही. बायको म्हणाली, "अहो, एकदा त्या डासवाल्या लोकांना बोलावून बघू या का?" तो म्हणाला, "घरातले डास मारायला बाहेरचा माणूस कशाला? मला काय हात नाहीत?"

भिंतीपलीकडे रोपवाल्या मावशी राहायच्या. एकट्याच. रोपं विकायच्या. त्यांच्या अंगणात सिमेंटची एक टाकी होती, तीत कमळं होती आणि कमळांखाली गप्पी मासे. वरून मला ती टाकी सबंध दिसायची. डासांच्या माद्या आधी तिकडेच जायच्या, पण अळी निघाली रे निघाली की मासे ती गट्टम करायचे. त्या पाण्यातून एकही डास कधी उडाला नाही. भिंगरीला ते मासे फार आवडायचे. शाळेतून आली की दप्तरासकट ती टाकीच्या कठड्यावर पोटावर आडवी व्हायची आणि मावशी म्हणायच्या, "आत पडलीस तर कमळाच्या भावात विकीन हं तुला."

आणि मग भिंगरीला ताप आला. साधा वाटला, पण उतरेना. अंग मोडून आलं, डोळे उघडवेनात. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि डेंग्यू सांगून तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. घर एकदम मुकं झालं. आई तिच्या उशाशी बसून होती. फ्रेमवाला मधेच घरी यायचा, कपडे घ्यायचा आणि परसात नुसता उभा राहायचा. त्याचा चेहरा मला बघवत नव्हता. पोरीच्या पेशी रोज कमी होत होत्या आणि याला कळत नव्हतं की आपलं कुठे चुकलं. असाच उभा असताना त्याची नजर भिंतीपलीकडे गेली.

तो तडक मावशींकडे गेला. "मावशी, राग मानू नका, पण ही टाकी रिकामी करा."

"अरे, हिच्यात मासे आहेत. अळी टिकत नाही इथे," मावशी म्हणाल्या.

"ते मासे मला येऊन सांगणार आहेत का? माझी पोर तिकडे सलाइन लावून पडली आहे आणि तुम्ही पाणी साठवून बसलाय. तिला काही झालं तर?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी चाळणीने मासे एका बादलीत काढले. मग टाकीच्या तळाचं बूच ओढलं. कमळाचे कंद उन्हात पडले. मासे न्यायला बोलावलेल्या गिऱ्हाइकाला यायला उशीर झाला आणि बादलीतलं पाणी तापलं. किती तरी मासे उताणे झाले. मावशी ते एकेक करून वेचत होत्या आणि भिंतीपलीकडे मी अळ्यांनी भरलेली होते.

मित्रांनो, मला तोंड नाही, हे मला माहीत आहे. पण मी निदान गळले तरी असते. फ्रेमवाला रोज माझ्याखालून जात होता. त्याच्या डोक्यावर एक घाण थेंब पडला असता तर त्याने वर बघितलं असतं. पण माझे सांधे पक्के. ज्याचा मला एवढा अभिमान होता, त्याचीच मला लाज वाटू लागली.

भिंगरी वाचली. घरी आली तेव्हा एवढीशी झाली होती, भिंतीला धरून चालायची. सगळ्यांच्या जिवात जीव आला. पण डास होतेच. उलट वाढले, कारण आता त्यांच्या अळ्या फस्त करणारं आसपास कोणी उरलं नव्हतं. आणि थोड्याच दिवसांत रोपवाल्या मावशी तापाने आडव्या झाल्या. तोच ताप. त्यांना दवाखान्यात पोचवून आल्यावर फ्रेमवाल्याची बायको त्याच्यापुढे उभी राहिली.

"आता कोणाची टाकी रिकामी करायची?" तिने विचारलं.

 आणि तिने त्याच दिवशी डासवाल्यांना फोन लावला.

डासांचा बंदोबस्त करणारी जी बाई आली ती तरुण होती, पायात गमबूट, पाठीवर पंप आणि बोलणं एखाद्या कंडक्टरसारखं खणखणीत. फ्रेमवाला म्हणाला, "आधी धूर मारा."

"मारते की. उडणारे पडतील, तुम्हाला गार वाटेल, मी चहा पिऊन घरी जाईन. पुढच्या आठवड्यात नवे निघतील आणि तुम्ही मला परत बोलवाल. मला काय, बरंच आहे," ती म्हणाली आणि बॅटरी घेऊन घराभोवती फिरू लागली. "खालचं छान ठेवलंय हो. घरच्या माणसाने करायचं ते सगळं केलंय. पण बघा, दर आठवड्याला सगळं कोरडं करून पंधरा-वीस दिवसांत डास हटले नाहीत, की समजायचं पाणी अशा जागी आहे जिथे आपली नजर जात नाही. मग हट्ट करायचा नाही, आम्हाला बोलवायचं. आणि घरात ताप आला तर एवढंही थांबायचं नाही. शिडी आहे का?"

ती चढली. पांढऱ्या डब्यात तिने माझ्यातलं पाणी घेतलं आणि खाली उतरून डबा फ्रेमवाल्याच्या हातात दिला. पांढऱ्यावर त्या काळ्या अळ्या स्वच्छ दिसत होत्या.

"कोणी लावली हो ही पन्हळ? उतारच नाही हिला."

बायकोने नवऱ्याकडे बघितलं नाही. खिडकीत बसलेली भिंगरी म्हणाली, "बाबांनी. लेव्हल लावून."

फ्रेमवाला शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. डबा तसाच हातात. "मावशींची टाकी," एवढंच तो म्हणाला.  त्या बाईने माझ्यातली माती खरवडून काढली आणि नळाच्या तोंडाशी अळ्यांचं औषध टाकलं. फ्रेमवाल्याने स्वतःच्या हाताने माझं नळाकडचं टोक खाली केलं. बुडबुडा बघितला नाही.

मावशी दवाखान्यातून आल्या, त्या दिवशी संध्याकाळी तो त्यांच्याकडे गेला. त्या पायरीवर शाल गुंडाळून बसल्या होत्या. तो बसला नाही. उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगितलं, माझ्याबद्दलही.

"डास टाकीतले नव्हतेच. मला ठाऊक होतं," मावशी म्हणाल्या.

"मग रिकामी का केलीत?"

"तुझी पोर पडली होती रे. तेव्हा तुझ्याशी काय वाद घालणार?"

तो खाली मान घालून म्हणाला, "मी उद्याच भरून देतो. मासे आणतो, कमळं आणतो, सगळं पहिल्यासारखं करून देतो."

"नको," मावशी शांतपणे म्हणाल्या. "पुन्हा कोणाच्या घरी ताप आला की पहिली नजर माझ्या टाकीवर यायची. तुझा राग नाही मला. पण एकदा ऐकलंय ते. पुन्हा ऐकून घेणं मला जमायचं नाही." मग त्यांनी विचारलं, "भिंगरी खाते का नीट?"

मित्रांनो, आता फ्रेमवाला दर रविवारी शिडी लावतो आणि माझ्यात हात घालून बघतो. तुम्हीही घरातल्या मोठ्यांना सांगा, अंगणाबरोबर छपरावरही बघा. हात पोचत नसेल तर ज्यांचा पोचतो त्यांना बोलवा आणि वेळेवर बोलवा. शेजाऱ्याच्या दारात जाऊन बोट दाखवण्याआधी तर नक्कीच. भिंगरी पुन्हा पळायला लागली आहे, मावशीही सावरल्या आहेत. पण शाळेतून आली की ती भिंतीपाशी थबकते, पलीकडे बघते आणि घरात जाते. टाकीत आता मावशींनी रिकामी पोती कोंबून ठेवली आहेत.