पहिला आकडा

ल्युबेनने राउटरच्या सिरियल पोर्टमध्ये केबल खोचली आणि तिचे दोन्ही स्क्रू घट्ट पिळले. मग लॅपटॉप मांडीवर घेऊन तो पोर्टचा वेग लिहायला लागला. नदीची पातळी मोजणारं यंत्र जुनं होतं, सावकाश बोलणारं. राउटरने त्याच्याच वेगाने ऐकलं तरच आकडे कळणार होते. नाहीतर नुसती गिचमिड.

"इंजिनियर, आधी दोन घास खाऊन घ्या," दारातून स्तामेना म्हणाली. नदीकाठच्या या मोजणी-चौकीची राखण तिच्याकडे होती. हातातल्या ताटलीत चीज भरलेली गरम बानित्सा होती.

"झालंच, काकू."

तिच्या मागे दाराच्या फळीवर, दर पुण्यतिथीला लावतात तसं, श्रद्धांजलीचं नवं पत्रक डकवलेलं होतं. वेल्को, आधीचा राखणदार, स्तामेनाचा नवरा. सहा वर्षं त्याच्याविना. आत येतानाच ल्युबेनने ते वाचलं होतं. तेव्हापासून तो दाराकडे बघत नव्हता.

सहा वर्षांपूर्वी इथला पोर्ट त्यानेच लावला होता. ईस्टरची सुट्टी तोंडावर होती, शेवटची बस सुटायला आली होती. पोर्टचा दिवा लुकलुकला, म्हणजे काम झालं, असं धरून पहिला आकडा न बघताच तो डोंगर उतरला होता. वेग चुकला होता. शहरातल्या पूर-केंद्रावर तीन दिवस गिचमिड येत राहिली. सुट्टीत ती बघायला कुणी नव्हतं. चौथ्या दिवशी नदी चढली, पण पुराचा इशारा देणारा भोंगा वाजला नाही. वेल्को खालच्या कुरणातून शेळ्या आणायला गेला होता.

आता लॅपटॉपच्या पडद्यावर आकडा उमटला.

"काकू, जरा खाली जाऊन नदीतल्या मोजपट्टीवर किती पाणी आहे, सांगता?"

ती पायऱ्या उतरून काठाशी गेली. तिथून तिचा आवाज आला, "एकशे बारा!"

पडद्यावरही एकशे बाराच होते. ल्युबेनने राउटर बंद करून पुन्हा चालू केला आणि तिला पुन्हा खाली पाठवलं. मग दोनदा केबल काढून पुन्हा लावली आणि दोन्ही वेळा तिला पट्टी बघायला लावली. चौथ्या खेपेला ती वर आली तेव्हा धापा टाकत होती.

"अहो, गुडघे आहेत की लोखंड? चारही वेळा जुळलं ना?"

"जुळलं." त्याने लॅपटॉप मिटला, पण हात त्यावरून उचलला नाही. "काकू, मागच्या वेळी इथे... तो पोर्ट मीच लावला होता."

स्तामेनाने ताटली खिडकीत ठेवली. डोक्यावरचा रुमाल सोडून पुन्हा बांधला.

"ठाऊक आहे. चौकशीच्या कागदावर तुमचं नाव होतं. वर्षभर रोज शिव्या घातल्या मी त्या नावाला."

आत आल्यापासून पहिल्यांदाच ल्युबेनने दारावरच्या पत्रकाकडे पाहिलं.

"नवीन राउटर बसवणार असं कळलं तेव्हा मीच फोन केला तुमच्या ऑफिसला. म्हटलं, त्यालाच पाठवा."

"मलाच? का?"

"दुसरा कुणी एकदाच बघून गेला असता."

त्याचे डोळे भरून आले. तिने ते पाहिलं, पण जवळ आली नाही. गुडघ्यावर हात टेकून ती दाराकडे वळली.

"उघडा तो लॅपटॉप. मी खाली जाते परत, पट्टी बघायला," ती म्हणाली आणि एकेक पायरी जपून उतरू लागली.