कोरडा रस्ता

थोरलीने डब्याचं पत्र्याचं झाकण भिंतीला आडवं टेकवलं आणि जोर लावून खाली ओढलं. वाळायला लागलेल्या चिखलाचा जाड पापुद्रा सुटून तिच्या पायांवर पडला. खालचा पिवळा रंग दिसला, फुगलेला, बोट लावलं तर निघून येईल असा. तिच्या छातीच्या उंचीवर एक तपकिरी रेघ चारही भिंतींवरून फिरली होती. पाणी तिथवर चढलं होतं. रेघेच्या वरचं कॅलेंडर, आरसा, लग्नातला फोटो, सगळं जिथल्या तिथे होतं.

मागच्या दारी धाकटी बादलीत भांडी बुडवून काढत होती. घासलेलं भांडं ती उजेडात धरायची, आत डोकावून बघायची आणि पुन्हा बादलीत टाकायची. सकाळपासून दोघी बहिणी अशाच राबत होत्या आणि कामापुरतंच बोलत होत्या.

थोरलीने खिडकीजवळच्या लोखंडी पलंगाला हात घातला.

"तो राहू दे," धाकटी मान वर न करता म्हणाली. "हे आले की काय ते ठरवतील."

पलंग धाकटीच्या सासऱ्यांचा होता. तिचा नवरा मालवाहू जहाजावर कामाला. वडील गेल्याचं कळलं तेव्हा तो भर समुद्रात होता, आणि अंत्यविधी त्याच्यावाचून उरकावा लागला. आता जहाज बंदराला लागलं होतं आणि तो वाटेत होता.

सासरे मूळचे बसचे कंडक्टर. सगळा डेपो त्यांना मास्तर म्हणायचा, मग गल्लीही म्हणू लागली, आणि शेवटी घरातही तेच नाव रुळलं. डिझेलच्या गाड्यांत उभ्याने हयात गेली. धुराने छाती पोखरली, आणि निवृत्तीनंतर उजवी बाजू लुळी पडली. पण बसवरची माया सुटली नाही. शहरात विजेच्या बस आल्या तेव्हा हट्ट धरून ते चाकाच्या खुर्चीतून थांब्यापर्यंत गेले. परत येऊन म्हणाले, गाडी चांगली आहे, पण नव्या सुनेसारखी चालते, पाऊल वाजत नाही. मी आले तेव्हा माझं पाऊल वाजत होतं का, असं धाकटीने विचारलं, तर मास्तर खोकला लागेपर्यंत हसले होते.

त्या बस ज्या रस्त्यावरून धावत होत्या तो थोरलीचा रस्ता. ती नगरपालिकेच्या रस्ते विभागात अभियंता होती. नदीकाठचा जुना रस्ता दर पावसाळ्यात पाण्याखाली जायचा आणि शहराचे दोन तुकडे व्हायचे. अडलेल्या बाया अडलेल्याच राहायच्या. राज्याने स्वच्छ आणि टिकाऊ वाहतुकीची योजना आणली, तेव्हा थोरलीने या रस्त्यासाठी जिवाचं रान केलं. पुरुषभर उंचीचा भराव, वर काँक्रीट, कडेने सायकलची वाट. डेपोतल्या चार्जिंगच्या खोल्यासुद्धा उंच जोत्यावर चढवून घेतल्या. भरावाखालून पुराचं पाणी पलीकडच्या मोकळ्या माळावर जावं म्हणून तिने आराखड्यात सहा मोऱ्या दाखवल्या होत्या. पावसाळा तोंडावर आला तेव्हा दोनच बांधून झाल्या होत्या. बाकीच्या पुढच्या टप्प्यात घेऊ, आधी बस सुरू करा, असं वरून आलं, आणि थोरलीने मान डोलावली.

हे तिने याच घरात, जेवताना सांगितलं होतं. मास्तरांनी घास हातातच धरून विचारलं होतं, की मग पाणी जाणार कुठून. एका वर्षाचा तर प्रश्न आहे, ती म्हणाली होती. मास्तरांना तेवढं पुरलं. त्यानंतर गल्लीत कुणी रस्त्याबद्दल कुरकुर केली की ते त्याची चांगली हजेरी घ्यायचे.

जुन्या रस्त्याची एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही. तो बुडायचा, हाच नदी आणि रस्ता यांच्या मध्ये वसलेल्या या गल्लीला इशारा असायचा. रस्त्यावर पाणी आलं की बस बंद, आणि बस बंद की कामं बंद. माणसं घरातच असायची. पाणी गुडघाभर यायचं आणि रस्त्यावरून पलीकडे माळावर पसरायचं. तोवर चौघं मिळून मास्तरांना शेजारच्या गच्चीवर नेऊन बसवायची.

या खेपेला रस्ता बुडाला नाही. त्या सकाळी धाकटीने फोन करून विचारलं होतं, पाऊस फार आहे, कामाला जाऊ की नको. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती, तिथे रजा सहज मिळत नसे. जा की, रस्त्याला काही होत नाही, असं थोरलीने सांगितलं. धाकटीने मास्तरांना खाऊ घातलं, औषध दिलं, दार ओढून घेतलं आणि वेळेवर आलेली बस पकडली. गल्लीतले कामाचे सगळेच गेले. नदी चढली, भरावाला येऊन थटली, आणि पलीकडे जायला पुरेशी वाट नाही म्हणून गल्लीत उभी राहिली. घरी असलेली म्हातारीकोतारी माणसं पोरांना घेऊन टेकाडावरच्या शाळेत गेली. मास्तरांजवळ धाकटी असणारच, असं जो तो धरून चालला. दरवर्षी ती असायचीच.

थोरली तेव्हा रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला रेनकोट घालून उभी होती. कोरड्या राहिलेल्या रस्त्यावरून एकेक बस जाताना बघत होती, आणि पावसात एकटीच हसत होती.

डॉक्टर म्हणाले, औषधाची गुंगी असणार, त्यांना काही कळलं नसेल. धाकटीने तेच धरून ठेवलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकाच सुरात सांगायची, झोपेतच गेले. थोरली दर वेळी जमिनीकडे बघायची.

कचेरीत वेगळीच हवा होती. एवढ्या पुरात रस्ता एक दिवसही बंद पडला नव्हता. पाऊस न भूतो असा झाला, असं पत्रक निघालं. गल्लीतल्या घरांचा उल्लेख त्यात शेवटी होता. मग राज्याचं पथक पाहणीला आलं. इतर शहरांतही असाच रस्ता करावा, असा विचार चालला होता. साहेबांनी थोरलीलाच पथकाबरोबर धाडलं. घरी काय झालंय ते त्यांना माहीत होतं. तेवढाच जीव रमेल, म्हणाले.

पथकाला बसमधून फिरवायचं ठरलं होतं. आत गार हवा, काचा बंद. भराव किती उंच, गाडी किती वेळात चार्ज होते, असं पथकातल्या बाई विचारत होत्या आणि थोरली उत्तरं देत होती. गल्लीसमोरून जाताना कठड्यांवर वाळत टाकलेल्या गाद्या दिसल्या. इथून नदी छान दिसते, असं मागून कुणीतरी म्हणालं.

शेवटच्या थांब्यावर पथक उतरून मोटारींत बसलं. थोरलीही उतरणार तेवढ्यात ड्रायव्हरने हाक मारली. निवृत्तीला आलेला, जाड चष्म्याचा माणूस होता.

"मॅडम, मास्तरांच्या सुनेच्या बहीण ना तुम्ही?"

ती पायरीवर थांबली. ड्रायव्हरने दार लावून घेतलं. गाडी बंद केली, तरी हात चाकावरून काढले नाहीत. आपण नोकरीला लागलो ते मास्तरांच्या गाडीवर, असं त्याने सांगितलं.

"त्या दिवशी या फेरीला मीच होतो," तो म्हणाला. "मास्तर खिडकीत होते."

मास्तर रोजच खिडकीत असायचे. ओळखीचा ड्रायव्हर दिसला की हात करायचे आणि तो हॉर्न द्यायचा, हे डेपोत सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी ते गजांना टेकून अर्धेमुर्धे उभे होते आणि टॉवेल हलवत होते. तोंडही हलत होतं. गाडीच्या काचा बंद असल्यामुळे ऐकू काहीच आलं नाही.

"मला वाटलं, एवढ्या पावसात गाडी चालू बघून खूश झालेत. मी हॉर्न दिला. दोनदा दिला."

पाणी कुठवर होतं, थोरलीने विचारलं.

"खिडकीच्या खाली. दिसत होतं मला, नाही कसं म्हणू. पण घरात माणसं असतील असं वाटलं. परत आलो तेव्हा खिडकी रिकामी होती. म्हटलं, नेलं असेल वर."

त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. हे घरी येऊन सांगू का, असं त्याने विचारलं. थोरली समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिली. नको, म्हणाली. मग खाली उतरली आणि कचेरीपर्यंत चालत गेली.

धाकटीचा नवरा आला तेव्हा दुपार झाली होती आणि दोघी अजून घर साफ करत होत्या. खांद्यावरची बॅग न उतरवता तो दारात उभा राहिला. मग आत येऊन त्याने भिंतीवरच्या रेघेवर तळहात ठेवला आणि तसाच चालत चालत खिडकीपर्यंत गेला. पलंगाच्या उघड्या पट्ट्यांवर बसला. थोरलीने चहा गाळून त्याच्यापुढे नेला. धाकटी भिंतीला टेकून उभी होती.

"त्यांना कळलं का गं?" त्याने विचारलं.

"नाही," धाकटी म्हणाली. "गुंगीत होते. झोपेतच गेले." जरा थांबून ती पुढे म्हणाली, "खिडकीसुद्धा बंद होती."

थोरलीने मान वर केली. खिडकीचं कुणी विचारलं नव्हतं.

त्याने मान हलवली, दोनतीनदा, स्वतःशीच. मग थोरलीकडे वळून म्हणाला, "ताई, तुम्ही होतात म्हणून. हिला एकटीला हे सगळं..." चहा तसाच ठेवून तो आंघोळीला उठला.

धाकटी मागच्या दारी गेली. थोरली तिच्या पाठोपाठ.

"तुला माहीत होतं," थोरली म्हणाली.

धाकटीने बादलीतली चादर उचलून पिळायला घेतली. पाणी उतरलं तेव्हा आधी मीच आत आले, तिने खालच्या आवाजात सांगितलं. मास्तरांचा धड हात गजांबाहेर होता आणि बोटांत टॉवेल होता. बोटं सोडवायला वेळ लागला. त्यांना पलंगावर नीट निजवलं, खिडकी लावून घेतली आणि मग लोकांना हाका मारल्या.

थोरलीने तोंड उघडलं. ड्रायव्हरने सांगितलेलं तिच्या जिभेवर आलं होतं.

"तुला आणखी काही कळलं असेल तर मला नको सांगूस," धाकटी म्हणाली. "आणि ह्यांना तर कधीच नको."

"नाही सांगणार."

"पण मोऱ्यांचं सांग."

थोरलीने मागे वळून न्हाणीकडे पाहिलं.

"पाऊसच तसा झाला, असं गल्ली धरून बसलीय. तुमच्याच कचेरीने सांगितलंय तसं. मी गप्प राहिले, तुझ्या तोंडून येईल म्हणून. ह्यांना उद्या सांग, आज जेवू दे. पण गल्लीला आजच सांग."

"माझी नोकरी..." थोरली म्हणाली आणि तिथेच थांबली.

धाकटीने चादरीचं एक टोक तिच्या हातात दिलं. दोघींनी दोन बाजूंनी पीळ घातला. गढूळ पाणी दोघींच्या मध्ये पडत राहिलं.

"परत पाऊस आला की बस वेळेवर येणारच, ताई," धाकटी म्हणाली. "आणि आम्ही सगळे कामाला जाणारच."

चादर दोरीवर पडली. थोरलीने ओले हात पदराला पुसले आणि घराला वळसा घालून ती गल्लीत आली. शेजारचं दार सताड उघडं होतं. आत एक म्हातारी गादीतला भिजका कापूस पिंजत बसली होती. हिला बघून तिने हाताने जमिनीवरची जागा साफ केली.

"ये गं. मास्तर सगळ्यांना सांगायचे तुझं कौतुक. बस अशी."

थोरली बसली नाही.