पुलावरची पिवळी

आमच्या ओढ्यावरच्या पुलाला कठडे नाहीत आणि त्याची रुंदी एका गाडीपुरती आहे. शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला आमच्या गावाचा फाटा फुटतो, त्या फाट्यावर हा पूल. अलीकडच्या टोकाला माझी भात-पिठाची गिरणी, पलीकडे वाडी. फार मागे एकदा दुधाचा टेम्पो आणि एक जीप मधोमध समोरासमोर आल्या. दोघंही हटेनात. शेवटी हटायला लागला तो टेम्पो ओढ्यात गेला. तेव्हापासून रीत पडली ती अशी: समोर गाडी दिसली की ज्याला थांबायचं त्यानं इंडिकेटर लावायचा. म्हणजे, 'तू ये, मी थांबलोय.' याला आम्ही पिवळी देणं म्हणतो. पिवळी दिसल्याशिवाय पुलावर चाक घालायचं नाही. आणि मोठा दिवा उघडझाप केला तर अर्थ उलटा: 'मी येतोय, तू थांब.'

रीत पडली गाड्यांसाठी, पण वापरली माणसांनी. निवडणुकीआधी सरपंच सगळ्यांना पिवळी देतात, नंतर सगळ्यांकडून घेतात. धाऊच्या पोरीचं लग्न मोडलं हे मला पत्रिका परत गेल्यावर नाही कळलं. त्याच्या व्याह्यानं पुलावर मोठा दिवा उघडझाप केला तेव्हाच कळलं. कोण कोणाला किती देणं लागतो ते गिरणीच्या दारात बसून मला फुकट दिसतं. लोक म्हणतात, चंद्राबायला सगळं ठाऊक असतं. ठाऊक कसलं, समोर चाललेलं असतं.

या पुलावर एक गोष्ट मात्र ठरलेली: लहानानं मोठ्याला द्यायची.

वाडीतल्या कमळूदादांची जुनी पिकअप होती. भेंडी, काकडी, गवार, जे निघेल ते ते कल्याणच्या बाजारात नेत. भाऊ लवकर गेला, त्याचा मुलगा भाविक यांनीच वाढवला. दादा आणि धोंडीबाईला स्वतःचं मूल नाही. भाविकला गाडीही याच पुलावर शिकवली. पोरगं स्टीअरिंगला लोंबकळलेलं आणि दादा गाडीपुढे उलटे चालत हातानं 'ये, ये, डावीकडं ये' करतायत, हे मी पाहिलंय. मी म्हटलं होतं, "दादा, पोरगं शिकल, पण तुमी मागे बघा, न्हायतर वढ्यात जाल."

"मला पूल पाठ हाय, चंद्राबाय," ते म्हणाले होते.

पुढे भाविकला आटगावजवळ गोदामात नोकरी लागली. रविनाशी लग्न झालं, तिकडेच खोली घेतली. दादांच्या मनात होतं की पोरानं पिकअप आपल्या नावावर करून घ्यावी आणि बाजार सांभाळावा. ही गोष्ट त्यांनी घरी बोलायची ती म्हशाच्या जत्रेत, चार पाहुण्यांसमोर, चहा पिताना काढली. पाहुणे हसले, भाविकला लागलं. तो म्हणाला, "तुमच्या भेंडीच्या पेट्या वाहायला मला जन्माला नाय घातलं."

दादा कप खाली ठेवून म्हणाले, "बराबर हाय. तुला मी जन्माला घातलाच नाय."

झालं. पोरगा तिथूनच वेगळा निघाला. दोघांपैकी कोणाचीच चूक मोठी नव्हती, म्हणून कोणालाच माफी मागता येईना.

त्यानंतर भाविकनं जुनी पांढरी गाडी घेतली. गाडी चांगली होती. फक्त पुढच्या दिव्यांच्या कोपऱ्यात संत्र्याच्या फोडीएवढा पिवळा भाग होता, त्यातच इंडिकेटर. मित्र म्हणाले, टॅक्सीवाणी दिसते. शहापुरात रितेश नावाचा गाड्या सजवणारा आहे. त्यानं सांगितलं, "दादा, हे पिवळं झाकलं की गाडी एकदम नवीन मॉडेल." दिव्याची काच चिकटवलेली असते, ती गरम केल्याशिवाय सुटत नाही. रितेशनं पावाच्या बेकरीवाल्याशी जमवलं होतं. पाव काढून झाले की विझत्या भट्टीत दिवे ठेवायचे, डिंक मऊ झाला की काच उघडायची, आतलं पिवळं काळ्या रंगानं रंगवायचं, पुन्हा बसवायचं. आतला बल्ब तसाच. रितेशच्या पत्र्याच्या शेडमध्ये अंधार असतो. तिथं लावून पाहिला तर काळ्यातूनही तो मिणमिणला. दोघंही खूश झाले.

भाविक ती गाडी मला दाखवायला आला. अजून पावाचा वास येत होता.

मी म्हटलं, "काय रे, काजळ घातलंस गाडीला? दृष्ट लागंल म्हणून?"

"स्मोक लुक म्हणतात मावशी याला."

"म्हणू दे. डोळे आलेल्या म्हशीसारखी दिसते."

तो हसला. मग पुलापलीकडे बघून म्हणाला, "काकी बरी हाय ना?" काकांचं नाव काढलं नाही. पण विचारायचं काकांबद्दलच होतं, हे न कळण्याइतकी मी काही कालची नाही.

तिकडून दादांचंही तेच. दळण घेऊन आले की बोलायचे हवापाण्याचं आणि उठता उठता विचारायचे, "आटगावकडचं कोण आलं व्हतं का?" एकदा मीच धरलं. म्हटलं, "दादा, पोराला बोलवा की."

"मी कशाला बोलावू? आणि त्यानं पाया पडावं असंबी नाय." त्यांनी दळणाची पिशवी खांद्यावर घेतली. "पुलावर समोर आला आन् पिवळी दिली, तरी पुरं. मी त्याच जागी खाली उतरंन. मग बोलायला काय लागतंय."

धोंडीबाई मागे उभी होती. तिनं मला डोळ्यांनीच सांगितलं, कळव. मी त्याच दिवशी भाविकला फोन केला.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "देईन की मावशी. रविवारी येतो. त्यांना सांगू नको पण, आपणहून दिली असं वाटू दे."

मी दादांना सांगितलं नाही. धोंडीबाईला सांगितलं, म्हणजे सांगितल्यासारखंच झालं.

रविवारी भर दुपारी भाविकची गाडी माझ्या दारासमोरून पुढे गेली आणि पुलाच्या तोंडाशी थांबली. पलीकडून पिकअप आली, तीही थांबली. शेजारी धोंडीबाई बसलेली, तिचं हिरवं पातळ इथून दिसत होतं. ऊन इतकं की डांबर पाण्यासारखं हलत होतं. मी दारात उभी, भाविकच्या गाडीच्या मागे. मागचा दिवा लुकलुकायला लागला. दिली पोरानं. मला इतकं बरं वाटलं की चक्की रिकामी फिरतेय तेही कळलं नाही.

पिकअप हलेना.

मागचा दिवा लुकलुकतोच आहे. दादा बसलेत ते बसलेत. मी मनात म्हटलं, मानी माणसा, उतर आता. अजून किती वेळ लावशील? भाविकची मान ताठ दिसत होती. मोठा दिवा उघडझाप करता येईना, त्याचा अर्थ उलटा. हॉर्न वाजवावा तर आधीच भांडण. खाली उतरून जावं, तर दादांनीच उतरायचं असं ठरलेलं.

बराच वेळ गेला. मग पिकअप मागे सरकली, वाडीच्या रस्त्यावर वळली आणि निघून गेली.

भाविक खाली उतरला. तोंड पांढरं पडलेलं. "मावशी, दिली ना मी? तू बघितलीस ना?"

"बघितली रे. डोळ्यांनी बघितली."

"आतमधे टिकटिक वाजत होती, बाण पेटत होता. मी दांडीवरचा हात काढला नाय." तो पुलाकडे बघत राहिला. "त्यांना नाय पायजे, तर नाय."

त्या दिवसापासून दादांनी माझ्या गिरणीवर दळण आणणं सोडलं. लांबच्या गिरणीवर न्यायला लागले. मी म्हटलं, जाऊ दे, स्वतःचा ताठा मला दाखवायची लाज वाटत असंल.

भेंडीचा तोडा चालू होता तेव्हा दादा वाफ्यातच खाली बसले आणि उठलेच नाहीत. शेजाऱ्यानं त्यांच्याच पिकअपमध्ये घालून दवाखान्यात न्यायला काढलं. त्या दिवशी पुलावर समोरून आलेल्या प्रत्येकानं पिवळी दिली, वैऱ्यांनीसुद्धा. उपयोग झाला नाही.

भाविक आला, त्यानंच मडकं धरलं, त्यानंच अग्नी दिला. रडला नाही. बायका कुजबुजल्या. मी त्याच्या बाजूनं होते. म्हटलं, पोरानं आपलं देणं दिलं होतं, घेणाऱ्यानं घेतलं नाही.

मग धोंडीबाई माझ्याजवळ येऊन बसली. तिला माझ्यावर राग होता, तो आता थकला होता. "चंद्राबाय," ती म्हणाली, "तू सांगितलंस म्हणून ते त्या रविवारी पुलावर गेले गो. नवा सदरा घालून गेले. पोरगा समोर उभा राह्यला, टक लावून बघत राह्यला, पण दिली नाय. घरी येऊन सदरा काढून ठेवला. मग म्हणाले, मोठा झाला."

मी म्हटलं, "दिली होती गो. मी बघितली."

"मी शेजारी बसले व्हते," ती म्हणाली.

दोघीही खोटं बोलणाऱ्या नव्हतो.

तेरावा झाला. भेंडी झाडावर थांबत नाही. पेट्या भरलेल्या होत्या, मुरबाडला एका व्यापाऱ्याकडे द्यायच्या होत्या. भाविकनं काकांची पिकअप काढली, काकीला शेजारी बसवलं. त्याच वेळी आटगावहून रविना पांढरी गाडी घेऊन आली. ती आता चांगली चालवते. समोर सासऱ्याची पिकअप, आत सासू; तिनं पुलाच्या तोंडाशी गाडी थांबवली. मी दारात होते. मागचा दिवा लुकलुकायला लागला.

पिकअप हलेना.

दुपार तीच, ऊन तेच. रविनानं काचेतून हात हलवला, मग फोन लावला. तिचं बोलणं मला ऐकू येत होतं. "अहो, या ना. कधीची दिलीय मी." मग तिनं फोन कानाचा काढून त्याच्या पडद्याकडे पाहिलं.

पिकअपचं दार उघडलं. भाविक उतरला आणि पुलावरून चालत यायला लागला. सावकाश, मधोमध, ज्या जागेवरून दादा त्याला उलट चालत शिकवायचे त्याच जागेवरून. मी पुढे गेले. आयुष्यात पहिल्यांदा ती चालू पिवळी मी पुढच्या बाजूनं बघायला गेले. काही नव्हतं. काळी काच, त्यात आभाळ.

भाविक गाडीपुढे उकिडवा बसला. वाऱ्यात पणतीला आडोसा करावा तसे दोन्ही तळवे त्यानं दिव्याच्या कोपऱ्याभोवती धरले आणि डोळा जवळ नेला. मग मान खाली घातली. तळवे तसेच राहिले.

"काय झालं?" रविनानं विचारलं. "बल्ब गेला का?"

"नाय," तो म्हणाला. "चालू हाय."

पलीकडून धोंडीबाईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तिचा आवाज ओढ्यावरून स्पष्ट आला. "आरं भाविक, त्या दिवशी पण अशीच रं... अशीच उभी होती ही गाडी. दिली का तिनं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"दिलीय, काकी," तो उठत म्हणाला. "कधीची दिलीय."

"मंग ये की बाबा. ती बिचारी किती वेळ उभी राहील उन्हात?"

तो परत गेला. पिकअप पुलावर आली, माझ्या दारावरून गेली. धोंडीबाईनं जाता जाता सुनेकडे बघून हात वर केला, पिवळी घेतल्यावर करतात तसा.