लाल शाईचे पहिले पान

मित्रांनो, त्या शेवटच्या साध्या दिवशी आई खिडकीपाशी बसून माझी उसवलेली पाठ शिवत होती. लेक म्हणाली, "अगं, आता दवाखान्यात सगळं कॉम्प्युटरवर असतं. हे बाड कशाला वागवतेस?" आईने दाताने दोरा तोडला. "तुझा कॉम्प्युटर मला कुठे ओळखतो?" दोघी हसल्या. मला मात्र 'बाड' हा शब्द लागला.

मी एक जुनी फाइल आहे. आई शिवणकाम करायची. पडद्याचे उरलेले हिरवे कापड दोन पुठ्ठ्यांवर चिकटवून, नाडी लावून तिने मला घडवले, त्याला अठरा वर्षे झाली. एका इंजेक्शनने तिचे अंग सुजले होते, श्वास कोंडला होता, ती थोडक्यात वाचली होती. डॉक्टरांनी माझ्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले, 'पेनिसिलिन चालत नाही.' पुढे रक्ताचे, डोळ्यांचे, गुडघ्यांचे कागद येत गेले. डॉक्टर म्हणायचे, आमचे कपाट लावायला तुम्हीच या. आई ते कौतुक आठवडाभर पुरवायची. मीही फुगायचे.

मग दवाखान्याच्या दाराशी माणसाएवढी उंच स्क्रीन आली, आणि मी कपाटावर गेले.

पाठ शिवायला आईने मला कपाटावरून काढले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला सणसणून ताप भरला. लेक रिक्षा बघायला गेली तेवढ्यात आईने मला पिशवीत टॉवेलखाली सरकवले. दवाखान्यात स्क्रीनपुढे रांग होती. नाव, फोन, विमा, बिल कोण भरणार, हे सगळे रकाने मोठे आणि ठळक होते. ॲलर्जीचा रकाना तळाशी, बारीक अक्षरात. तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते, आणि औषधांची यादी उघडली तर ती संपेचना. यादीखाली लिहिले होते, 'काही नाही'. त्याखाली, 'माहिती नंतर बदलता येईल'. मागून कोणीतरी म्हणाले, "ताई, आटपा ना जरा." लेकीने 'काही नाही' दाबले.

वर नर्सने विचारले, कुठले औषध चालत नाही का? आई ग्लानीत पुटपुटली, "फाइल बघा."

"फाइल घरी आहे," लेक म्हणाली. "पण मी खाली सगळं भरलंय."

नर्सने स्क्रीनकडे पाहून मान डोलावली. मी तर लेकीच्या खांद्यालाच लटकले होते. आपल्याला तोंड नाही याची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

इंजेक्शननंतर आई पुन्हा बोलली नाही. संध्याकाळी लेकीच्या फोनवर बिल आले. ते बिनचूक होते, हातमोज्यांच्या जोडीसकट.

भेटायला येणाऱ्यांना लेक सांगायची, यंत्राने घोटाळा केला. ते अर्धे खरे होते. मी तिला कोणत्या तोंडाने दोष देऊ? ते पान पोटाशी धरून मीच गप्प होते. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. आपल्या माणसाचे पहिले पान पाठ करून ठेवा, आणि मागची रांग कितीही कुरकुरली तरी ते सांगितल्याशिवाय पुढे सरकू नका.

काल लेकीने ती पिशवी रिकामी केली. टॉवेलखाली मी निघाले. तिने नाडी सोडली आणि लाल ओळीवर बोट ठेवले. मग आईच्या शिलाई मशीनकडे बघत, जणू आई तिथेच बसली आहे, ती हळू पण स्पष्ट म्हणाली,

"आई, ते मी दाबलं. मला माहीत होतं गं. नंतर बदलू म्हटलं."